पडद्यावर आलेली परिषद

दवाखान्याच्या दारावर वर्षातून एकदोनदा एक पाटी झळकते, ‘डॉक्टर कॉन्फरन्सनिमित्त बाहेरगावी गेले आहेत.’ तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या आईच्या मनात ती वाचून काय येत असेल, याची आम्हा डॉक्टरांना कल्पना असते. त्यातून कॉन्फरन्स गोव्याला किंवा केरळात असली की शेजारीपाजारी एकमेकांकडे पाहून सूक्ष्म हसतात. ते हसू सर्वस्वी अनाठायी आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे वाचक जसे डॉक्टर आहेत, तशीच समाजातील इतर सुजाण मंडळीही आहेत. त्यांना या परिषदांचे अंतरंग थोडे उलगडून दाखवावे, आणि २०२० नंतर या परिषदा घरातील संगणकाच्या पडद्यावर आल्या तेव्हा नेमके काय घडले, याचा विचार डॉक्टर बंधुभगिनींसह करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय वरकरणी आमच्या व्यवसायापुरता वाटेल. पण आपल्या मुलासाठी चिठ्ठीवर कोणते औषध लिहिले जाते, याच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

वैद्यकीय परिषद म्हणजे एकाच मांडवात भरलेल्या चार निरनिराळ्या जत्रा होत. मुख्य सभागृहात व्याख्याने चालतात. एखाद्या रोगावर वर्षभरात काय नवे कळले, ते त्यातील जाणकार सांगतात. बाजूच्या दालनांत कार्यशाळा असतात. तेथे बोलण्यापेक्षा हाताने करण्याला महत्त्व असते. बाहेरच्या मोठ्या दालनात औषधे, लसी, बाळदूध नव्हे पण बाळाशी संबंधित असे बाकी पुष्कळ काही, आणि उपकरणे यांच्या कंपन्यांचे स्टॉल लागलेले असतात. (बाळदुधाच्या कंपन्यांना आपल्या कायद्याने मज्जाव केला आहे, आणि तो योग्यच आहे.) चौथी जत्रा कार्यक्रमपत्रिकेत कोठेही छापलेली नसते. ती जेवणाच्या रांगेत, चहाच्या टेबलाशी आणि जिन्याच्या पायऱ्यांवर भरते. वीस वर्षांपूर्वीचा वर्गमित्र भेटतो आणि ‘अरे, तुझ्याकडे असा एक पेशंट आला तर तू काय करतोस?’ या एका प्रश्नातून कधीकधी तिन्ही दिवसांच्या व्याख्यानांपेक्षा अधिक हाती लागते.

या मांडवाचा खर्च कोण करतो, हेही वाचकांना ठाऊक असावे. प्रतिनिधींनी भरलेल्या शुल्कातून सभागृहाचे भाडे आणि भोजन बहुधा भागत नाही. उरलेला भार तिसरी जत्रा, म्हणजे स्टॉल आणि प्रायोजित सत्रे, उचलत असते. शिवाय परिषदेला जाणे हा केवळ हौसेचा भाग नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे, असे म्हटले आहे. ज्ञान, कौशल्य, व्यापार आणि स्नेह या चौघांची मोट अशी वर्षानुवर्षे एकत्र बांधलेली होती. ती इतकी घट्ट होती की, त्यातील कोणती गोष्ट कशासाठी आहे, हे वेगळे काढून पाहण्याची वेळ कोणावर आली नाही.

ती वेळ २०२० साली आली. त्या वर्षी जानेवारीत बालरोगतज्ज्ञांचे राष्ट्रीय अधिवेशन, पेडिकॉन, आपल्या इंदुरातच भरले होते. देशभरातून पाहुणे आले, पोहे-जिलबी खाऊन आणि सराफ्यात रात्री जागवून परतले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला केरळात देशातील पहिला कोरोनाचा रुग्ण सापडला. अधिवेशन दोन महिने पुढे असते तर काय झाले असते, याचा विचार पुढे एप्रिलमध्ये मनात वारंवार येई. कारण तोपर्यंत इंदूर हे साथीच्या पहिल्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले होते, आणि ९ एप्रिल रोजी शहरातील एक डॉक्टर या रोगाने दगावलेही होते.

काय झाले असते, याचे उत्तर अमेरिकेतील बॉस्टन शहराने दिले. २६ व २७ फेब्रुवारी २०२० रोजी तेथील एका हॉटेलात बायोजेन या औषध कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक झाली. सुमारे १७५ माणसे जमली, हस्तांदोलने झाली, सहभोजने झाली. पुढे शास्त्रज्ञांनी विषाणूच्या जनुकीय खुणांवरून माग काढला, तेव्हा त्या एका बैठकीपासून फुटलेल्या संसर्गाच्या साखळ्या अमेरिकेच्या अनेक राज्यांत व परदेशांतही पोहोचलेल्या आढळल्या. नोव्हेंबरपर्यंत त्यातून झालेल्या बाधितांचा अंदाज तीन लाखांच्या आसपास गेला. याच बॉस्टनमध्ये ८ मार्चपासून एचआयव्हीवरील क्रोई ही मोठी वैज्ञानिक परिषद भरायची होती. आयोजकांनी अवघे दोन दिवस आधी ती संपूर्णपणे ऑनलाइन घेण्याचे ठरविले. संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञांनी तरी दुसरे काय करावयाचे! त्यानंतर शिकागोतील हृदयरोगतज्ज्ञांची परिषद पडद्यावर गेली, कर्करोगतज्ज्ञांचीही गेली. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांची ऑगस्टमधील परिषद अ‍ॅमस्टरडॅमला व्हायची होती. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क झाली, तेव्हा एक लाखाहून अधिक जणांनी नोंदणी केली. कोणत्याही शहरातील कोणत्याही सभागृहात एवढी माणसे मावली नसती.

आपल्याकडेही टाळेबंदीच्या काळात वेबिनारांचा अक्षरशः पाऊस पडला. सायंकाळी सात वाजता एक, साडेआठला दुसरा, आणि एकाच वेळी तीन-तीन आमंत्रणे. त्यातील पुष्कळसे विस्मरणीय होते. तरीही त्या पावसाने काही कोरड्या जमिनी खरोखरच भिजल्या, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या आदिवासी जिल्ह्यांत एकट्याने काम करणारे डॉक्टर परिषदांना क्वचितच येत. कारण ते दोन दिवस गेले तर त्यांच्या मागे पाहणारे दुसरे कोणी नसते. झाबुआहून इंदूर दीडशे किलोमीटर. येणे, जाणे आणि व्याख्यान मिळून अख्खा दिवस. तसेच आपल्या भगिनी डॉक्टरांचे. घरी तान्हे मूल असलेली बालरोगतज्ज्ञ दुसऱ्यांच्या मुलांविषयी शिकायला आपले मूल सोडून कशी जाणार, हा पेच आमच्या व्यवसायाने कधी फारसा मनावर घेतला नव्हता. पडद्याने तो निदान काही अंशी सोडविला. बाळाला मांडीवर घेऊन, कॅमेरा बंद ठेवून, नेमका प्रश्न लिहून पाठविणाऱ्या तरुण सहकारी मी पाहिल्या आहेत. सभागृहात मागच्या रांगेत बसून त्यांनी तो प्रश्न विचारलाच असता, असे नाही.

आणखी एक दार उघडले, त्याचे मोल मला व्यक्तिशः सर्वांत अधिक वाटते. १० डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची तज्ज्ञ समिती फायझरच्या कोरोना लसीचा विचार करण्यासाठी बसली. ती बैठक ऑनलाइन होती, दिवसभर चालली, आणि जगातील कोणालाही ती थेट पाहता आली. कंपनीने आपले आकडे मांडले, नियामकांच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे स्वतंत्र विश्लेषण मांडले, सदस्यांनी उलटतपासणी केली, आणि शेवटी १७ विरुद्ध ४ असे मत पडले. एक सदस्य तटस्थ राहिला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविषयीचा पुरावा तोकडा आहे, हा आक्षेप त्या चर्चेत आला होता. बालरोगतज्ज्ञाने लसीविषयी पालकांना काही सांगायचे तर ते कंपनीच्या पत्रकावरून सांगणे वेगळे आणि ही झाडाझडती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगणे वेगळे.

आता शिक्षणाच्या दृष्टीने पडदा कितपत उपयोगी, हा प्रश्न. याविषयी मते पुष्कळ ऐकू येतात, पण संशोधनही झालेले आहे. इंटरनेटवरून दिलेल्या वैद्यकीय शिक्षणाच्या सुमारे २०० अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली ‘जामा’ या नियतकालिकात आला. काहीच न शिकण्यापेक्षा असे शिकणे पुष्कळ चांगले, आणि पारंपरिक पद्धतीच्या तुलनेत फरक थोडाच, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु मुळात समोरासमोरच्या सभांनी तरी डॉक्टरांचे वागणे किती बदलते? कॉक्रेन संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात ८१ चाचण्या तपासल्या गेल्या. अशा सभांनंतर अपेक्षित वर्तनात झालेली सुधारणा साधारण सहा टक्क्यांची निघाली. म्हणजे शंभर प्रसंगांत सहा ठिकाणी डॉक्टरने अधिक योग्य ते केले. आकडा लहान आहे, पण शून्य नाही. त्यातही लक्षणीय बाब अशी की, जेथे नुसते व्याख्यान नव्हते, तर श्रोत्यांना बोलते करून त्यांच्याकडून काही करवून घेतले होते, तेथे परिणाम अधिक दिसला. थोडक्यात, भाषण देणारा समोर आहे की पडद्यावर, यापेक्षा ऐकणारा जागा आहे की नाही, हे महत्त्वाचे.

याचे उत्तम उदाहरण कोरोनाच्या पुष्कळ आधीचे आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा हे भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ काम करीत. हिपॅटायटिस ‘सी’चे रुग्ण शेकडो किलोमीटर प्रवास करून त्यांच्याकडे येत आणि महिनोन् महिने वाट पाहत. २००३ साली त्यांनी वेगळा मार्ग काढला. रुग्णाला शहरात आणण्याऐवजी खेड्यांतील आणि तुरुंगांतील डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बोलवायचे. त्यांनी आपला रुग्ण सर्वांसमोर मांडायचा. तज्ज्ञाने भाषण न करता त्या रुग्णावर चर्चा करायची. ‘प्रोजेक्ट एको’ या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०७ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात विषाणू नाहीसा होण्याचे प्रमाण ५७.५ टक्के, तर या खेड्यांतील केंद्रांत ५८.२ टक्के. खेड्यातील डॉक्टर आणि विद्यापीठातील तज्ज्ञ यांच्या उपचारांत अंतर उरले नाही. आपल्याकडील बहुतेक वेबिनारांनी या पद्धतीतील कॅमेरा तेवढा उचलला आणि चर्चा तेथेच ठेवली, ही खेदाची गोष्ट होय.

पडद्यावर काय येत नाही, हे बालरोगतज्ज्ञाला विशेष जाणवते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करून देण्यासाठी पहिल्या एका मिनिटात कृती करावी लागते. मास्क बाळाच्या नाका-तोंडावर अंगठा आणि तर्जनीच्या पकडीने टेकवायचा, उरलेल्या बोटांनी जबडा अलगद उचलून धरायचा, मान ना फार मागे ना पुढे, आणि मिनिटाला ४० ते ६० या गतीने पिशवी दाबायची. हे मी येथे चार ओळींत लिहिले. व्हिडिओत ते दोन मिनिटांत दाखविता येते. परंतु मास्कच्या कडेने हवा निसटत असली तर ती बोटांनाच कळते, आणि पुतळ्याची छाती वर येईना म्हणजे आपली पकड चुकली, हे शेजारी उभा असलेला शिक्षक मनगटाला हात लावून सांगतो. तो हात इंटरनेटवरून येत नाही. प्रसूतिगृहातील परिचारिकांना हे कौशल्य केवळ पडद्यावर शिकवून प्रमाणपत्र वाटणे हे मला धोक्याचे वाटते. कारण तेथे चुकीची किंमत बाळ मोजते.

उलटपक्षी काही गोष्टी पडद्यावर अधिक चांगल्या शिकविता येतात. तान्ह्या बाळांत येणारे विशिष्ट प्रकारचे झटके, ज्यात बाळ क्षणभर वाकून हात पसरते आणि पुन्हा पूर्ववत होते, ते दवाखान्यात डॉक्टरसमोर क्वचितच येतात. पालकांना ती पोटदुखी किंवा दचकणे वाटते, आणि उपचाराला उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. आईने मोबाइलवर टिपलेली अशी वीस सेकंदांची चित्रफीत एकाच वेळी दोनशे डॉक्टरांना, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखविता येते. सभागृहाच्या मागच्या रांगेतून ती कोणालाच नीट दिसली नसती. अंगावरच्या पुरळाचे मात्र उलट. पडद्याचे रंग बेभरवशाचे, आणि सावळ्या कातडीवरील लाली तर त्यात हमखास हरवते.

आता तिसऱ्या जत्रेकडे, म्हणजे व्यापाराकडे वळतो. येथे जरा रेंगाळणे आवश्यक आहे, कारण ऑनलाइन परिषदांमुळे कंपन्यांचा प्रभाव आपोआप संपला, असा एक सुखद समज आपल्यात पसरलेला आहे.

१९९२ साली अमेरिकेत एक लहानसा पण मर्मभेदी अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन औषधांच्या परिसंवादांना एका मोठ्या रुग्णालयातील काही डॉक्टरांना संपूर्ण खर्च करून सहलीच्या ठिकाणी नेण्यात आले होते. जाण्यापूर्वी विचारले असता जवळजवळ सर्वांनी सांगितले की, याचा आमच्या औषधनिवडीवर काहीही परिणाम होणार नाही. प्रत्यक्षात रुग्णालयातील पहिल्या औषधाचा वापर सरासरी ८१ मात्रांवरून २७२ वर गेला, आणि दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर. ती माणसे खोटे बोलत नव्हती. प्रभाव पडतो तेव्हा तो ज्याच्यावर पडतो त्याला जाणवत नाही, हेच त्यातून दिसले. पुढे २०१६ साली सुमारे दोन लाख ऐंशी हजार अमेरिकी डॉक्टरांच्या नोंदींवरून असे आढळले की, वीस डॉलरांहून कमी किमतीच्या एका भोजनाचाही त्या कंपनीचे औषध अधिक लिहिले जाण्याशी संबंध दिसतो. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. पण जेवण घालणाऱ्यांना हिशेब येत नाही, असे कोण म्हणेल?

आपल्याकडे नियम हळूहळू आवळत गेले. डिसेंबर २००९ मध्ये वैद्यक परिषदेने आचारसंहितेत भर घालून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि आतिथ्य घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. आणि १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने विपणनाची नवी एकसमान संहिता जारी केली. तीनुसार कंपनीने डॉक्टरला वा त्याच्या कुटुंबीयांना परिषदेसाठी प्रवासाची सोय द्यायची नाही; अपवाद फक्त वक्त्याचा. परदेशात असे कार्यक्रम घ्यायचे नाहीत, आणि घेतलेल्या कार्यक्रमांचा तपशील व खर्च आपल्या संकेतस्थळावर मांडायचा.

हे सर्व नियम स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांची नजर मुख्यतः तिकिटावर, हॉटेलच्या खोलीवर आणि ताटावर आहे. पडद्यावरच्या परिषदेत तिकीट नाही, खोली नाही, ताटही नाही. मग कंपनी काय देते आणि काय घेते? ती व्यासपीठाचे भाडे भरते, वक्त्याला मानधन देते आणि पुष्कळदा विषयही सुचविते. मोबदल्यात तिला जे मिळते ते स्टॉलवर कधीच मिळाले नसते. नोंदणी करताना आपण नाव, मोबाइल, शहर, विशेषज्ञता भरतो. आपण किती वाजता आलो, किती वाजता गेलो, मध्येच विचारलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला कोणते उत्तर दिले, हे सारे नोंदले जाते. ‘अशा रुग्णाला आपण प्रथम कोणते प्रतिजैविक द्याल?’ हा प्रश्न शिक्षकाने विचारला तर तो अध्यापनाचा भाग आहे. उत्तरांची नावनिशीवार यादी प्रायोजकाच्या हाती गेली तर तोच बाजाराचा सर्व्हे होतो. एका वेबिनारानंतर आठवड्याभराने त्या कंपनीचे एम.आर. माझ्याकडे आले आणि अत्यंत विनयाने म्हणाले, ‘सर, उस दिन आप बीस मिनट में ही निकल गए थे, बाकी का मैं बता देता हूँ.’ बिचाऱ्याला आपण काय सांगून बसलो, याची जाणीवही नव्हती. स्टॉलवर मी वही-पेन घेतले की नाही, हे पूर्वी कोणी लिहून ठेवत नसे.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, कंपन्यांच्या वक्ता-कार्यक्रमांविषयी खास इशारा दिला होता. मागील तीन वर्षांत अशा भाषणांपोटी डॉक्टरांना सुमारे दोन अब्ज डॉलर मिळाल्याचे कंपन्यांनीच जाहीर केले होते. त्या इशाऱ्याचा रोख असा, की साथीमुळे ही भोजने थांबली आहेत तर माहिती देण्याचे पुष्कळ मार्ग आहेत हे दिसलेच. मग उद्या ती भोजने पुन्हा सुरू करण्याचे कारण काय? प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याला आपल्या संदर्भात एक जोड द्यावी लागेल: भोजन गेले तरी मानधन आणि विषयनिवड उरते.

उद्योगाच्या स्वतःच्या मेळाव्यांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. औषधांचा कच्चा माल विकणाऱ्या व घेणाऱ्यांचा सीपीएचआय हा जागतिक मेळा २०२० साली मिलानला व्हायचा होता. तो ऑक्टोबरात पडद्यावर भरला. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये, साथ पुरती ओसरलेली नसतानाही, तो मिलानमध्ये प्रत्यक्ष भरविण्यात आला. आपल्या शेजारच्या पीथमपूरमधील कारखानदारांना याचे आश्चर्य वाटणार नाही. टनांनी रसायन घ्यायचे तर समोरच्याची पारख हवी, आणि ती छोट्या चौकोनातील चेहऱ्यावरून होत नाही. ज्यांचा पैसा स्वतःचा होता ते लवकर प्रत्यक्ष भेटीकडे परतले. डॉक्टरांना शिकविण्याच्या कार्यक्रमांत मात्र कंपन्यांनी पडदा सहसा सोडला नाही. यातून काय घ्यायचे, ते वाचकांनी ठरवावे.

पर्यावरणाचा मुद्दाही आहे, तो थोडक्यात सांगतो. २०२१ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील एका अभ्यासात, परिषद पूर्ण ऑनलाइन केल्यास तिचे कार्बन उत्सर्जन ९४ टक्क्यांनी घटते, आणि निम्म्याहून अधिक लोक प्रत्यक्ष आले तरी मिश्र पद्धतीत ते दोन-तृतीयांशाने कमी करता येते, असे गणित मांडले होते. मुलांच्या फुफ्फुसांची काळजी वाहणाऱ्यांनी हे आकडे निदान एकदा वाचावेत.

साथ ओसरली, आणि परिषदाही बव्हंशी पूर्वपदावर आल्या. पेडिकॉन २०२३ साली गांधीनगरला आणि २०२४ साली कोचीला थाटात भरले. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांनी २०२२ मध्ये बार्सिलोनात मिश्र पद्धत स्वीकारली. गर्दी पाहून मला आनंदच होतो. चौथी जत्रा, ती जिन्याच्या पायऱ्यांवरची, पडद्याने कधीच भरविता आली नव्हती. चर्चा संपली की चौकोन एकेक करून विझत, आणि जो प्रश्न चारचौघांत विचारायचा संकोच वाटतो तो विचारायला जागाच उरत नसे. पण झाबुआच्या त्या एकट्या डॉक्टरांसाठी उघडलेले दार या आनंदात पुन्हा लोटून घेतले जात आहे, हे मात्र डोळ्याआड करता येत नाही.

आपल्यासारख्या लहान मंडळाला यात काय करता येईल? माझे मत असे. मोट आता सुटलीच आहे, तर ती जशीच्या तशी पुन्हा बांधण्याचा आग्रह नको. वार्षिक संमेलन प्रत्यक्षच व्हावे, आणि त्यात व्याख्याने कमी करून नवजात बाळांच्या पुनरुज्जीवनासारख्या कार्यशाळांना अधिक वेळ द्यावा. निव्वळ माहितीपर व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून सभासदांना सवडीने पाहायला द्यावीत. आणि महिन्यातून एकदा, पाऊण तासाची, एको पद्धतीची रुग्णचर्चा ऑनलाइन घ्यावी. तीत दोन-तीनच रुग्ण असावेत, आणि ते धार-झाबुआ-खरगोनच्या डॉक्टरांनी मांडलेले असावेत, इंदूरच्या प्राध्यापकांनी नव्हे. प्राध्यापकांनी त्यात ऐकावे. ते त्यांना जमेल, अशी मला आशा आहे.

खर्चाचे म्हणाल तर अशा चर्चेला व्यासपीठाच्या वार्षिक शुल्कापलीकडे फारसा खर्च नाही. सभासदांमागे वर्षाला येणारी रक्कम एका रुग्णाच्या तपासणी-शुल्काहून अधिक असणार नाही. ती आपण आपल्याच खिशातून भरावी. प्रायोजक नसला की विषय कोणी सुचवायचा, हा प्रश्न उरत नाही, आणि उपस्थितीची यादी मंडळाच्या कार्यवाहांपलीकडे कोणाकडे जात नाही. वार्षिक संमेलनाला प्रायोजक घ्यावेच लागले तर ते स्टॉलपुरते घ्यावेत. सत्राचा विषय, वक्ता आणि प्रश्नोत्तरांचा अध्यक्ष मंडळाने निवडावा. वक्त्याने पहिल्याच पटलावर आपल्याला कोणाकडून मानधन मिळते, ते लिहावे, आणि औषधांची नावे व्यापारी न देता मूळ द्यावीत. यात कोणाचा अपमान नाही.

एक तपशील सभासदांच्या ध्यानात आताच आणून देतो, कारण पहिल्या चर्चेपासून तो लागू पडेल. रुग्णाची छायाचित्रे आणि चित्रफिती दाखविताना मुलाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि शाळेचा गणवेशसुद्धा झाकावा, चेहरा निदानासाठी आवश्यक असेल तरच उघडा ठेवावा, आणि आईवडिलांची लेखी संमती त्यांच्या भाषेत घ्यावी. निमाडी किंवा भिली बोलणाऱ्या पालकांसमोर इंग्रजी छापील कागद सरकवून त्यावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. चर्चेचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे असेल तर तेही त्यांना वेगळे सांगावे. संमतीपत्राचा मराठी व हिंदी मसुदा तयार करण्याचे काम सुरू असून, निमाडी व भिली जाणणाऱ्या सभासदांनी त्यात हातभार लावण्यासाठी कार्यवाहांशी संपर्क साधावा, ही विनंती.